मागल्या खोलीतला टीव्ही

दिवाळीच्या साफसफाईला घराघरांत एक न्यायालय भरते. न्यायाधीशाच्या खुर्चीत गृहिणी, फिर्यादी म्हणजे घरातली अपुरी जागा, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात अशा वस्तू, ज्यांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कोणाचे वाकडे केलेले नाही, पण ज्या कोणाच्या उपयोगीही पडलेल्या नाहीत. पितळी स्टोव्ह, ग्रामोफोनच्या तबकड्या, काटे गळालेले घड्याळ, यांचा निकाल झटपट लागतो. अडतो तो जुना टीव्ही. चार पायांचा, लाकडी पेटीचा, पुढे सरकती दारे असलेला हा आरोपी इतका जड असतो की त्याला हद्दपार करायला दोन हमाल लागतात. आणि पुष्कळदा तेवढ्या खर्चापायीच त्याची शिक्षा पुढल्या दिवाळीपर्यंत तहकूब होते.

ज्यांची तहकूब होत नाही त्यांचे काय होते तेही मी पाहिले आहे. भंगारवाला मागचा पुठ्ठा उचकटतो, नळीच्या मानेवरचे तांब्याचे वेटोळे काढून घेतो आणि बाकीचा ऐवज पायाने बाजूला सारतो. हौशी मंडळी त्याच्याही पुढे जातात. पेटी तेवढी ठेवायची, आतले सारे काढून टाकायचे आणि तिथे पाणी भरून मासे सोडायचे, किंवा मासे नकोत म्हणून बाटल्या ठेवायच्या! अलीकडे तिसरा एक प्रकार निघाला आहे. पेटी जुनीच, पण आत चपटा आधुनिक पडदा. पगडी शाबूत ठेवून डोके बदलण्याचा हा उद्योग मला मुळीच पसंत नाही. त्यापेक्षा मासे बरे. निदान ते आपण टीव्ही आहोत असे भासवत नाहीत.

यंदा आमच्या घराण्याचे न्यायालय आषाढातच भरले. माझ्या चुलतीची सदाशिव पेठेतली इमारत पुनर्विकासाला निघाली आणि गणपतीच्या आत जागा रिकामी करून द्यायची असे ठरले. बंगळूरहून माझा चुलतभाऊ सुट्टी काढून आला. दोन दिवसांत त्याने पन्नास वर्षांच्या संसाराच्या दोन याद्या केल्या, ‘ठेवायचे’ आणि ‘द्यायचे’. मागल्या खोलीत, भरतकामाच्या अभ्र्याखाली आणि तीन पिठाच्या डब्यांखाली एक टीव्ही होता. तो अर्थातच दुसऱ्या यादीत गेला.

“काकू, ह्याचं काय करायचं?” मी रीतीप्रमाणे विचारले.

“चालू होत असेल तर बघ,” काकू म्हणाली. “मला एकदा समोर बसून बघायचाय.”

आता हे वाक्य वाचकांना कळावे म्हणून थोडे मागे गेले पाहिजे. आपल्या देशात दूरचित्रवाणीचे पहिले प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 रोजी झाले; पण मुंबई केंद्र सुरू व्हायला 2 ऑक्टोबर 1972 उजाडले, आणि 1973 साली सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून तेच कार्यक्रम पुण्याला दिसू लागले. गच्चीगच्चीवर ॲल्युमिनियमच्या काठ्यांच्या शिड्या उभ्या राहिल्या आणि साऱ्यांनी सिंहगडाकडे तोंडे केली. काकांनी 1974 मध्ये हा संच घेतला. त्या वाड्यातला तो पहिला. पोस्टातून त्याचे लायसन्स काढावे लागे, तेही काकांनी मोठ्या अभिमानाने काढले होते.

मग शनिवारचा मराठी चित्रपट, रविवारचा हिंदी, मध्ये ‘छायागीत’, कधी ‘गजरा’. अशा संध्याकाळी दारात चपलांचा ढीग पडे. पुढच्या चटईवर मुले, मागे बायका, त्यांच्यामागे भिंतीला टेकून पुरुष. मी त्या चटईवरचा एक. आणि काकू? काकू स्वयंपाकघराच्या दारात. कोणाला पाणी हवे, कोणाचे मूल झोपले, कोणा आजोबांना बिनसाखरेचा चहा. त्या दारातून पडदा दिसे तो तिरपा, एखाद्या फटीतून पाहावा तसा. दहा वर्षे त्या घरात टीव्ही पाहिला गेला. ज्या बाईचे ते घर, तिने तो ऐकला! पुढे 1982 मध्ये रंगीत प्रक्षेपण आले, घरोघर संच झाले, चपलांचा ढीग आटला, आणि हा संच मागल्या खोलीत गेला. म्हणून ‘समोर बसून’.

पुतण्याचे कर्तव्य म्हणून मी तो संच टेम्पोतून माझ्या घरी आणला आणि नारायण पेठेतल्या एका जुन्या मेकॅनिकांना बोलावले. वय चौऱ्याहत्तर. दुकान कधीच बंद केलेले. ते आले, पेटीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि पहिला प्रश्न विचारला, “प्लगमध्ये घातला नाहीत ना?”

नव्हता घातला. “मग आशा आहे,” ते म्हणाले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवतो, कारण दिवाळीच्या सुट्टीत कोणाचे हात शिवशिवतील. माळ्यावरून काढलेला जुना टीव्ही सरळ भिंतीतल्या प्लगला लावू नये, आणि ज्याला त्यातले कळत नाही त्याने मागचा पुठ्ठा उघडूही नये. या संचांत पुष्कळदा लोखंडी चौकटच विजेच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की सारी चौकट जिवंत. चित्राच्या नळीला पंधरा ते अठरा हजार व्होल्ट लागतात, आणि संच बंद केल्यावरही त्यातला अंश नळीत दबा धरून बसतो. शिवाय नळी पोकळ, आत हवा नाही. मानेवर घाव बसला तर काचा आत कोसळून चौफेर उडतात. आमचे मेकॅनिक चालू संचात काम करताना डावा हात खिशात ठेवतात. दोन्ही हात आत गेले तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडते. ही सवय त्यांना त्यांच्या गुरूंनी लावली, आणि इतकी हाडीमाशी खिळली आहे की चहा पितानाही त्यांचा डावा हात खिशातच असतो.

पुठ्ठा निघाला. आत एक झुरळांची वसाहत, एक पाल (मृत), आणि त्या सर्वांवर लोकरीसारखी धूळ. धूळ रंगाच्या ब्रशने झाडता झाडता सकाळ गेली. मग खालून रांगेने व्हॉल्व्ह वर आले. त्या काळचे आपल्याकडचे बरेच संच असे अर्धे व्हॉल्व्हचे आणि अर्धे ट्रान्झिस्टरचे असत. हे व्हॉल्व्ह एकामागून एक एकाच तारेत ओवलेले असतात. दिवाळीला दारावर सोडतो ती जुन्या पद्धतीची दिव्यांची माळ आठवा. एक दिवा गेला की सारी माळ अंधारात, आणि मग वडील खुर्चीवर चढून एकेक दिवा काढून तपासत बसतात. टीव्हीचेही तसेच. मेकॅनिकांनी मीटर लावला आणि पाचव्या व्हॉल्व्हला म्हणाले, “हे महाराज गेले.” त्यावर अक्षरे होती : पीसीएल 805. चित्र वरून खाली पसरवणे हे याचे काम.

पण त्याआधी दुसरा रोग होता, आणि तो म्हातारपणाचा. वीज साठवणारे जे मोठे कंडेन्सर, त्यांच्या आत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. वर्षानुवर्षे वीज मिळाली नाही की तो थर विरत जातो. मग एकदम पुरा दाब दिला की कंडेन्सर फुटतो, आणि जाताना शेजाऱ्यांनाही नेतो. यावर औषध म्हणजे धीर. डिमरस्टॅट लावून आधी साठ व्होल्ट, तासाभराने शंभर, मग थोडे अधिक. दीर्घ उपासानंतर माणसाला जशी आधी पेज देतात, तसे. मध्ये जुन्या तऱ्हेचा शंभर वॅटचा एक दिवा जोडायचा. आत कुठे खोट असेल तर तो दिवा लख्ख पेटून सारा भार स्वतःवर घेतो आणि संच वाचतो. गंमत अशी की तो दिवाच मिळेना! आता सगळीकडे एल.ई.डी. शेवटी एका किराणा दुकानदाराने फळीच्या मागून धुळीने माखलेला एक काढून दिला आणि असा पाहिला माझ्याकडे, की जणू मी कंदिलाची काच मागितली होती.

दोन दिवसांच्या पेजेवर मोठे कंडेन्सर उठून बसले. लहानांपैकी कागदाचे सहा मात्र निकामी ठरले. रेझिस्टन्सही बरेच फुगलेले. त्यांच्यावरच्या रंगीत पट्ट्या एक सांगत आणि मीटर दुसरेच. ते बदलले. यात फारसे सांगण्यासारखे नाही. सोल्डरचा धूर आणि मेकॅनिकांच्या शिव्या, एवढेच.

व्हॉल्व्हचा शोध मात्र सांगण्याजोगा. तपकीर गल्लीत मी तो जळका व्हॉल्व्ह रुमालात गुंडाळून नेला. काउंटरवरच्या मुलाने तो उजेडात धरून विचारले, “काका, हा बल्ब कशाचा?” त्याचा काय दोष? त्याच्या जन्माआधी याचा धंदा संपला होता. जुन्या बाजारात, रविवारी, गंजलेल्या नट-बोल्टांच्या ढिगात तीन व्हॉल्व्ह मिळाले, तिन्ही रेडिओचे. शेवटी मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेलो. (त्या रस्त्याचे नाव आता डॉ. भडकमकर मार्ग आहे, परंतु त्या नावाने विचारले तर दुकानदारही क्षणभर थबकतो.) एका दुकानाच्या पोटमाळ्यावरून एक गृहस्थ शिडीने खाली आले. त्यांच्या हातात पुठ्ठ्याची एक छोटी खोकी, वर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे नाव. कधीही न उघडलेली. त्यांनी ती बाहीने पुसली, किंमत सांगितली साडेचारशे, आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, “घासाघीस करू नका, ह्याच्यानंतर माझ्याकडे एकच आहे.” मी दोन्ही घेतले.

नवा व्हॉल्व्ह बसवला तो दिवस मुसळधार पावसाचा. बटण फिरवले. मिनिटभर काही नाही. मग एकेका व्हॉल्व्हच्या पोटात निखाऱ्यासारखा तांबूस जीव आला. मागून सुरसुर असा आवाज येऊ लागला. पावसाळी दमट हवेत उच्च दाबाची वीज अशी कुरकुरते. आणि पडद्याच्या मधोमध एकच पांढरी आडवी रेघ उमटली. मी निराश झालो. मेकॅनिक मात्र खुलले. “नळी जिवंत आहे!” त्यांनी ताबडतोब उजेड कमी केला, नाहीतर ती रेघ पडद्यावर कायमची भाजली जाते. मग अर्धा तास शोधून त्यांनी शेंगदाण्याएवढा एक सुकलेला कंडेन्सर काढून माझ्या तळहातावर ठेवला. नवा लावल्यावर ती रेघ वर-खाली उघडत गेली, आणि पडदा भरला.

त्याच क्षणी आमची नात कानांवर हात ठेवून म्हणाली, “आजोबा, ही शिट्टी कोण वाजवतंय?”

मला काहीच ऐकू येत नव्हते. मेकॅनिकांनाही नाही. तेव्हा त्यांनी मला हिशेब सांगितला. चित्र 625 रेघांचे, सेकंदाला 25 चित्रे. म्हणजे किरण सेकंदाला 15,625 वेळा डावीकडून उजवीकडे धावतो, आणि त्या वेगाने आतला ट्रान्सफॉर्मर बारीक थरथरतो. ती शिट्टी. मुलांना ती स्पष्ट ऐकू येते आणि चाळिशी-पन्नाशीनंतर कान तो स्वर सोडून देतात. “मी दुकान उघडलं तेव्हा मला दारातूनच कळायचं, सेट चालू आहे की नाही ते,” ते म्हणाले. संच दुरुस्त झाला याची पहिली साक्ष अशी आम्हां दोघा म्हाताऱ्यांना सोडून त्या पोरीला मिळाली.

पडद्यावर मुंग्या. नुसत्या मुंग्या. बारा घरांची ती खुंटी मी खट् खट् करीत सगळीकडे फिरवली. बाराही घरी मुंग्याच. संच बरा झाला होता, पण त्याच्याशी बोलणारे कोणी उरले नव्हते. दूरदर्शनने जुन्या पद्धतीची जमिनीवरून होणारी प्रक्षेपणे टप्प्याटप्प्याने थांबवली आणि 2022 सालापर्यंत देशातले जवळजवळ सगळे तसले प्रक्षेपक बंद झाले. सिंहगडाकडे तोंड करून आता अँटेना लावण्यात अर्थ नाही. (त्या मुंग्यांतला अगदी थोडा अंश, शेकडा एखादा, विश्वाच्या जन्मकाळच्या प्रारणाचा असतो असे शास्त्रज्ञ सांगतात. मी हे काकूला सांगितले. ती म्हणाली, “असेल. पण मला सिनेमा बघायचाय.”)

यावर उपाय म्हणजे आपले स्वतःचे सिंहगड उभारणे. केबलवाले पूर्वी मॉड्युलेटर नावाची एक पेटी वापरत. ती चित्र आणि आवाज घेऊन त्यांचे पूर्वीच्या प्रक्षेपणासारखे लहरींत रूपांतर करते. तसली एक टाकून दिलेली पेटी जुन्या बाजारात दोनशे रुपयांना मिळाली. तिला आमचा अडगळीतला डीव्हीडी प्लेअर जोडला, पेटीची तार टीव्हीच्या मागे चपट्या वायरीच्या जागी लावली, आणि साऱ्या पुण्यात फक्त माझ्या दिवाणखान्यात दिसणारे असे एक केंद्र सुरू झाले.

पहिली चाचणी म्हणून सेट-टॉप बॉक्सवरून आजच्या बातम्या लावल्या. आजचे चित्र रुंद, हा पडदा जवळजवळ चौकोनी. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या माणसांचे अर्धे-अर्धे चेहरे कापले गेले आणि खालून धावणारी अक्षरे कुठून आली नि कुठे गेली ते कळेना. काकू त्या दिवशी आली होती. तिने मिनिटभर पाहिले. “हा एवढा ओरडतोय का? स्मिता पाटील बातम्या द्यायची तेव्हा स्वयंपाकघरात नीट ऐकू यायच्या,” एवढेच बोलून तिने तोंड फिरवले.

तिला हवा होता ‘जगाच्या पाठीवर’, राजा परांजपे यांचा 1960 सालचा चित्रपट. तो कधीतरी शनिवारी लागला होता आणि माडगूळकर-फडक्यांची सगळी गाणी तिने दारातून, उभ्याने ऐकली होती. कोणते गाणे कोणाच्या तोंडी आहे, हे तिने पन्नास वर्षे अंदाजाने धरून ठेवले होते. तबकडी मिळाली. चित्रपट काळा-पांढरा, चौकटही जुनी. पडद्यात असा बसला की कुठे कापाकापी नाही.

आणि इथे खरी अडचण उभी राहिली. मेकॅनिकांनी आदल्या दिवशी नळी तपासली. ती थकली होती. नळीच्या मानेत एक लहानशी टोपी असते, तिच्यावरच्या लेपातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि त्यांनीच चित्र उमटते. तो लेप झिजत जातो. उजेडाची बटणे सगळी चढवूनही चित्र मंद, चेहऱ्यांचे पांढरे भाग राखाडी. उपाय दोन. एक म्हणजे मानेतल्या तापत्या तारेला थोडा जास्त दाब द्यायचा. चित्र लगेच उजळते, पण उरलेला लेपही भराभर जळतो. दुसरा, काहीच करायचे नाही. खिडक्यांना जाड पडदे लावायचे आणि संच थोडा थोडा वापरायचा. असली नळी आपल्याकडे आता कोणी बनवत नाही. व्हॉल्व्ह पोटमाळ्यावरून मिळाला, तशी ही मिळण्यासारखी नव्हे.

चुलतभावाने फोनवरून सरळ सांगितले, “दाब वाढव. आईला एकदा नीट दिसू दे. मग गेला तर गेला.” त्याचे म्हणणे चूक होते असे मी म्हणणार नाही. आई चौऱ्याऐंशीची आहे. मेकॅनिक म्हणाले, “पेशंटला धावायला लावू नका.” मी दोघांच्या मध्ये. शेवटी प्रश्न ज्याचा त्याला विचारला.

काकूने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. “मंद म्हणजे किती मंद? चेहरे कळतात ना?”

“कळतात.”

“मग राहू दे तसाच. मी काही एका दिवसात संपवायला बसलेली नाही.”

नव्या भाड्याच्या जागेत संचाला ठाव नाही, म्हणून तो माझ्याकडेच आहे. गणपतीनंतरच्या पहिल्या रविवारी काकू रिक्षाने आली. पडदे ओढले. तिच्यासाठी बरोबर समोर, सात फुटांवर, हाताची खुर्ची ठेवली. मेकॅनिक मनगटावरचे घड्याळ काढून हातात धरून बसले. सरकती दारे उघडली, नळी तापली, नातीने “शिट्टी!” म्हणून वर्दी दिली, आणि नामावली सुरू झाली. चित्रावर अगदी बारीक जाळी आहे. ती आजच्या रंगीत संकेताची, या संचाला न कळणारी. काकूला तिचे काही वाटले नाही. पहिले गाणे लागताच ती सवयीने उठू लागली. बायकोने तिला खांद्याला धरून खाली बसवले.

बरोबर तिसाव्या मिनिटाला, ऐन प्रसंगात, मेकॅनिकांनी बटण फिरवले. चित्र मिटून मध्ये एक पांढरा ठिपका राहिला आणि तोही गेला. नात ओरडली. मी चरकलो. काकू मात्र खुर्चीत तशीच ताठ बसून म्हणाली, “व्यत्यय.”

आतापर्यंत चार रविवार झाले आहेत. नळी आहे तशी आहे. सिनेमाचा शेवटचा तुकडा काकूने दिवाळीतल्या रविवारसाठी राखून ठेवायला सांगितला आहे, आणि त्यानंतर कोणता लावायचा याची यादी तिने आत्ताच माझ्याकडे दिली आहे. तीत सतरा नावे आहेत. चहा मी करतो, पण टीव्ही बंद झाल्यावर.